नणंदेचा काता

माझ्या नणंदेचं मनगट मोडलं, म्हणून मी कराटे शिकले.

ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सायकलनं जायची. मेडिकल कॉलेजजवळच्या उतारावर स्कूटरवरच्या दोघा पोरांनी तिची ओढणी ओढली. ओढणी चाकात गेली आणि ती उजव्या हातावर पडली. मी त्या वेळी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. शेजारच्याच हाडांच्या डॉक्टरांकडे तिला आणलं, प्लास्टर घातलं. ती रडली नाही. प्लास्टर ओलं होतं तोवरच तिनं त्यावर बोटानं फूल काढलं. त्या रात्री माझे यजमान जेवले नाहीत. सासरे गेल्यापासून घरातले मोठे तेच, आणि बहिणीला त्यांनी कधी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात त्यांनी विषय काढला. हनुमाननगरच्या पुढे एका शाळेच्या मैदानावर सकाळी कराटेचा वर्ग चालतो, तिथं मुलींनाही घेतात, असं त्यांना ऑफिसात कळलं होतं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. परक्या माणसासमोर पोरीनं पाय वर करायचे, हे ऐकूनच त्या उठून देवघरात गेल्या. दोन-तीन दिवस तसेच गेले. शेवटी सासूबाईंनी तोड काढली: वहिनी सोबत जाणार असेल तर जाऊ दे. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा ते मला वावगंही वाटलं नाही. लग्न होऊन मला दोनच वर्षं झाली होती. कन्हानला माझे बाबा खाणीत नोकरीला होते. आम्ही चार बहिणी, मी दुसरी. कुणाच्या तरी सोबतीला जाणं हे मला लहानपणापासून येत होतं.

नणंद माझ्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटी, पण नात्यानं मान तिचा, म्हणून मी तिला ताई म्हणायची. ती मला वहिनी म्हणायची, मात्र एकेरीत. तिला पहाटे उठवणं हे पहिल्या दिवसापासून माझं काम झालं. मी स्वयंपाक अर्धा उरकून, पातळाच्या आत पांढरी विजार घालून तयार असायची आणि ती पांघरुणातून म्हणायची, "आज राहू दे नं वं, वहिनी."

पातळाच्या आत विजार, कारण मोहल्ल्यातून सून विजारीवर गेलेली सासूबाईंना चालणार नव्हती. कराट्याचे तयार कपडे नागपुरात मिळत नव्हते. महालातल्या एका शिंप्याकडून आम्ही मांजरपाटाचे शिवून घेतले होते. शाळेच्या एका वर्गात मी पातळ सोडायची, घडी करून बाकावर ठेवायची, वरचा अंगरखा चढवायची आणि बाहेर यायची. नणंद तिच्या सलवारीवरच असायची, त्यामुळे ती आधीच मैदानात पोहोचलेली असे.

शिकवणारे सर जबलपूरकडचे होते. एका सरकारी कचेरीत नोकरी करायचे. आधीची बदली कलकत्त्याला होती, तिथं ते कराटे शिकून आले होते. बुटके, बारीक, टक्कल पडत चाललेले. पाहून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस कुणावर हात उचलत असेल. बोलणं सगळं हिंदीत. पहिल्याच दिवशी त्यांनी नणंदेला विचारलं, ये कौन हैं, आणि ती म्हणाली, भाभी. झालं. त्या दिवसापासून सर मला भाभी म्हणू लागले, मग वर्गातल्या पोरी म्हणू लागल्या, मग माझ्याहून वयानं मोठे असलेले दोन बँकेतले गृहस्थसुद्धा. नणंदेला सर 'बेटा' म्हणायचे.

पहिले दोन महिने मी केवळ सोबत म्हणूनच होते. मैदानात गोखरूचे काटे फार, अनवाणी पायांत घुसायचे. ते काढत मी कडेला बसायची. ठोसे, लाथा, अडवण्याचे हात, हे सगळं मी करत होते, पण त्यात माझं मन नव्हतं. मग थंडी सुरू झाली त्या सुमारास सरांनी आम्हाला पहिला काता दाखवला.

काता म्हणजे एकट्यानं करायची लढाई. चारी बाजूंनी माणसं चालून येताहेत असं धरायचं आणि ठरलेल्या क्रमानं वळायचं, अडवायचं, मारायचं, पुढे जायचं, मागं फिरायचं. शेवटी जिथून निघालो त्याच जागेवर येऊन थांबायचं. सर ते करत होते तेव्हा त्यांच्या कपड्यांचा फट् फट् आवाज येत होता आणि मैदानात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी काटा काढायचा सोडून पाहत राहिले. लॅबमध्ये मी दिवसभर हेच तर करत होते. एका मागून एक ठरलेल्या पायऱ्या, एकही गाळायची नाही, एकही पुढे-मागे करायची नाही. पण तिथं शेवटी हातात कुणाची तरी साखर किंवा कावीळ यायची. इथं शेवटी काहीच येत नव्हतं, आणि तरी ते पूर्ण झाल्यासारखं वाटत होतं. मला ते हवंसं झालं. लग्नानंतर मला स्वतःहून हवंसं वाटलेली ती पहिलीच गोष्ट असेल.

मी सराव धरला. वर्गावरून आल्यावर डबे भरायच्या आधी गच्चीवर जायची. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या यंत्रात फिरत असायच्या तेवढ्या वेळात खुर्चीवर बसल्या बसल्या हात चालवायची. यवतमाळ-भंडाऱ्याहून आलेले पेशंट खिडकीतून पाहायचे आणि त्यांना वाटायचं, बाईचा हात आखडला असावा. गच्चीवर मी खडूनं फुली काढली होती. त्या फुलीवरून निघायचं आणि तिथंच परत यायचं. मी रोज फुलीच्या वीतभर पुढे येऊन थांबायची. का, ते कळत नव्हतं. पावलं मोजून टाकली, तरी वीतभर पुढेच.

एका सकाळी नणंद गच्चीवर आली. हातात चहाचा कप, केस मोकळे, अंगात गाऊन. तिनं काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. तिनं कप कठड्यावर ठेवला, फुलीवर उभी राहिली, आणि गंमत म्हणून काता केला. तिनं तो वर्गाबाहेर कधी केलेला मी पाहिला नव्हता. शेवटचं वळण घेऊन ती थांबली तेव्हा तिच्या दोन टाचांमध्ये बरोबर फुली होती. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही. कप उचलला आणि चहा पीत खाली गेली. चहा अजून गरम होता, वाफ दिसत होती.

त्या दिवसापासून ते सुरू झालं असं मी म्हणेन. त्याआधी मला ती आवडायची.

मैदानात सर तिला पुढे उभी करू लागले. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहून करायचं. मी तिच्या बरोबर मागे असायची, त्यामुळे मला तिची पाठ दिसायची, आणि त्या पाठीकडे पाहूनसुद्धा समजायचं की समोरून कुणीतरी येतंय. ती वळली की आपणही दचकून त्या बाजूला पाहायचो. सर नेहमी म्हणायचे, सामने कोई है नहीं, मगर दिखना चाहिए. तिच्यासमोर ते दिसायचं. माझ्या वेळी ते हात मागे बांधून एक फेरी मारायचे, माझी टाच पाहायचे, कोपर पाहायचे, आणि सगळ्यांना सांगायचे, "देखो, भाभी का सब सही है."

सगळं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाला ते कौतुक वाटलं असतं. मी लॅबमध्ये रोज कितीतरी रिपोर्टांवर तेच लिहीत होते: सगळं प्रमाणात आहे. तो रिपोर्ट कुणी दोनदा वाचत नाही, हे मला ठाऊक होतं.

आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. वर्गावरून परतताना तिचं लक्ष चौकातल्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर. तिथं उभी राहून नाकातून पाणी येईस्तोवर तिखट खायची आणि मला आग्रह करायची. मी म्हणायची, उशीर होतो, डबे व्हायचे आहेत. मी तिला विचारायची, ते तिसरं वळण तू कसं घेतेस, वजन आधी कुठल्या पायावर टाकतेस. ती विचारात पडायची आणि म्हणायची, "मले नाही माहीत वं. मी तं वळते." हे ती खरंच सांगत होती, लपवत नव्हती. लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. तिचं रक्त मीच तपासलं. आकडा पाहून मला घाम फुटला, कारण हेवा वेगळा आणि घरातली पोर वेगळी. मी लॅबमधून रजा घेतली. तिचं पथ्य, तिचा उसाचा रस, तिची औषधं, सगळं मी पाहिलं. सासूबाई शेजारणींना सांगत, सख्खी बहीण करणार नाही इतकं करून राहिली सून.

पण वर्ग मी चुकवला नाही. आता सोबतीचा प्रश्नच नव्हता, तरी जात राहिले, आणि यजमानांनी किंवा सासूबाईंनीही मला थांबवलं नाही. बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नाही. मैदानात मी पुढच्या रांगेत आले. सरांनी दुसरा काता सुरू केला होता, आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून तो खाली दाबला, माझी मूठ उघडून पुन्हा मिटवली, माझ्यासमोर उभं राहून हल्ला करून दाखवला. नागपूरचा मे महिना, साडेपाचलाच अंग भिजायचं. ते दिवस मला फार सुखाचे गेले. घरी नणंद खाटेवर पिवळी पडून होती आणि मी आनंदात होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

ती रोज विचारायची, आज काय शिकवलं? मी खाट आणि कपाट यांच्या मधल्या जागेत तिला करून दाखवायची. तेवढ्यात कसंबसं मावायचं. ती उशीला टेकून पाहायची. कधी म्हणायची, पुन्हा कर. मी करायची. मला वाटायचं, आजारी माणसाचा वेळ जातोय.

ती बरी होऊन मैदानात आली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. सर म्हणाले, बेटा, तू बस, दूसरा काता हो गया, धीरे-धीरे सिखाऊंगा. ती म्हणाली, मुझे आता है, सर. आणि उभी राहून तिनं तो केला. दम लागत होता, ठोशात जोर नव्हता, पण काता पुरता होता. माझ्याकडे पाहून शिकली होती ती. खाट आणि कपाटाच्या मधल्या त्या जागेत मी जे आखडून करायची, ते आखडणं तेवढं तिनं सोडून दिलं होतं. सर खुश झाले. भाभीने सिखाया, असं ती सगळ्यांना सांगत होती. पोरींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या हिवाळ्यात शहरातल्या तीन-चार वर्गांनी मिळून स्पर्धा ठेवली. एक मोठा हॉल घेतला होता. सासूबाईंना आम्ही सांगितलं की कॉलेजचा कार्यक्रम आहे. यजमान बरोबर आले. बायकांच्या कात्यात आम्ही दोघी होतो, आणि बाहेरच्या सात-आठ मुली. महिनाभर मी गच्चीवर इतकी राबले होते की तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. फुलीवर आता मी बरोबर येत होते.

नणंदेचा नंबर माझ्या आधी लागला. ती चौकटीत गेली, वाकून नमस्कार केला, आणि पहिल्या वळणालाच हॉलमधली कुजबुज थांबली. मला ते ऐकू आलं. शांतता कानांना कळते. बाहेरच्या वर्गाच्या मुली हातातलं खाणं तसंच धरून पाहत होत्या. एक म्हातारे परीक्षक बंगालहून आले होते. ते खुर्चीत पुढे सरकले. मी मनात म्हटलं, संपलं. मग काता अर्ध्यावर आला, ती मागं वळली, आणि थांबली.

हात खाली आले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं आणि कशाला आलो ते आठवू नये, तशी ती इकडेतिकडे पाहू लागली. मग हसली, परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि चौकटीबाहेर आली. माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तू कर आता चांगला.

मी केला. मला आजही माहीत आहे की त्यात एकही चूक नव्हती. मला पहिलं बक्षीस मिळालं. यजमान टाळ्या वाजवत उभे राहिले, त्यांचे डोळे ओले झालेले मी लांबून पाहिले. पदक घेऊन मी खाली आले तर ते म्हातारे परीक्षक आमच्याकडेच येत होते. माझ्यासाठी येताहेत असं मला वाटलं. त्यांनी मला शाबास म्हटलं आणि लगेच नणंदेकडे वळले. "बेटी, रुक क्यों गई?"

भूल गई, ती म्हणाली.

ते म्हणाले, "अगले साल आना. मैं देखने आऊंगा."

मी पदक हातात धरून तिथंच होते.

घरी येताना आम्ही तिघं एका सायकलरिक्षात. पदक यजमानांच्या हातात होतं, ते उलटसुलट करून पाहत होते. इतका चांगला चालला होता, मग विसरलीस कशी, असं त्यांनी बहिणीला विचारलं. ती माझ्याकडे पाहून बोलली, जणू मला ते समजेल.

"मी भुलली नाही वं वहिनी. वळली, तं समोर कोणीच नाही. आधी सगळे दिसून राहिले होते. मंग हवेत कोणाले मारू?"

यजमान हसले. मी हसू शकले नाही. एवढे महिने सर जे सांगत होते ते मी त्यांची बोलण्याची पद्धत समजत होते. देवळातला बुवा सांगतो ना, देव भावाचा भुकेला, तसं. तिला मात्र खरोखर माणसं दिसत होती. म्हणून ती वळली की आम्ही दचकत होतो. आणि माणसं दिसेनाशी झाली तेव्हा ती थांबली. मला एकदाही कुणी दिसलं नव्हतं, म्हणूनच मी कधी थांबले नाही आणि पदक जिंकून आले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी मुद्दाम पाहिलं. दर वळणाला नीट डोळे उघडे ठेवून पाहिलं. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, दोरीवर धोतर, लिंबाचा शेंडा. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग खाली जाऊन कणीक मळली.

पुढच्या साली ती स्पर्धेला गेलीच नाही, कारण तिचं लग्न ठरलं. नरखेड तालुक्यातलं स्थळ, संत्र्याची आणि मोसंबीची बाग, मुलगा शेतकी शिकलेला. यजमानांनी सासूबाईंना खरं सांगून माझं पदक भिंतीवर लावलं होतं; पाहायला आले त्या दिवशी सासूबाईंनी ते काढून ट्रंकेत ठेवलं, न जाणो, कुणी विचारलं तर गोष्ट निघेल. तिला मुलगा आवडला होता. मी तिला एकटीला गाठून विचारलं, ताई, काता सुटेल त्याचं काय? ती म्हणाली, सुटला तं सुटला. मेंदीचा हात फुंकत होती ती.

लग्नात मी मन लावून राबले. पाठवणीला रडलेसुद्धा, आणि ते रडणं खरं होतं. पण त्यानंतरच्या सोमवारी मैदानात गेले तेव्हा समोर कुणाची पाठ नव्हती. मोकळं मैदान होतं. मी खोल श्वास घेतला.

मग मी कधी वर्ग सोडला नाही. मुलगा झाला तेव्हा काही महिने खंड पडला, पुन्हा सुरू केलं. पातळाच्या आत विजार घालणं केव्हातरी बंद झालं. सासूबाई एक दिवस स्वतःच म्हणाल्या, तशीच जात जा वं, उगाच घोळात पाय अडकतील. पट्ट्यांचे रंग बदलत गेले. सर कधीतरी मधेच विचारायचे, बेटा कैसी है, आणि मी म्हणायची, ठीक है. तेवढ्यानं माझा तो दिवस बिघडायचा.

सरांची बदली झाली तेव्हा त्यांनी मुलींचा वर्ग माझ्यावर सोपवला. मैदानाची किल्ली, म्हणजे शाळेच्या फाटकाची, माझ्या हातात दिली. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. ती इथं असती तर तुम्ही हे कुणाला दिलं असतं?

सर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी विचार केला. "उसको तो मैं बस देखता, भाभी. क्लास आपको ही देता."

हे उत्तर मी कित्येक वर्षं इकडून तिकडून पाहिलं आहे. काही दिवशी ते माझ्या बाजूचं वाटतं.

तिच्या सासरी मी बऱ्याच उशिरा गेले. एरवी तीच माहेरी यायची, घाईत, पोरगी कडेवर, आणि कराट्याचा विषय निघत नसे. त्या साली यजमानांना रजा नव्हती, तिच्या दिराचं लग्न होतं, म्हणून मी दोन दिवस आधी काटोलवरून एस.टी.नं गेले. बाग मोठी होती. हिवाळ्यातली, आंबिया बहाराची संत्री झाडांवर लदलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. दुपारी बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, ती आणि मी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत होतो. तिची पोरगी मातीत खेळत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, काता आठवतो का?

ती हसली. पदर कमरेला खोचला आणि उभी राहिली. पहिलं वळण, पहिला ठोसा, मग मागं फिरली, आणि हात अधांतरी राहिला. "पुढे काय वं?"

मी सांगितलं. तिनं केलं. पुढचं सांगितलं, तेही केलं. हात सैल होता, पाऊल आखूड पडत होतं, लुगड्यात गुडघा वाकत नव्हता, हे सगळं सोडूनही तिचं पूर्वीचं ते गेलेलं होतं. मी नीट पाहिलं. समोर फक्त विहिरीचा कठडा होता. तिला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. नाही न आठवत, म्हणाली, आणि पोरीच्या तोंडातली माती काढायला वाकली.

मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी तिच्या सासूशी खूप गप्पा मारल्या, भाकरी थापून दिल्या, तिच्या पोरीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली. इतकी हलकी मी कधीच कुणाला वाटले नसेन.

लग्न पार पडलं आणि मी निघाले. एस.टी. फाट्यावर थांबायची, गावापासून बरंच लांब. तिचे यजमान पाहुण्यांत अडकले होते, बैलगाडी दुसऱ्या कामाला गेली होती. ती म्हणाली, मी सोडते. मला वाटलं, पायी. ती गोठ्यामागे गेली आणि नवऱ्याची मोटरसायकल ढकलत घेऊन आली.

मी पाहतच राहिले. तिनं लुगडं दोन्ही बाजूंनी आवळून घेतलं, एका लाथेत गाडी सुरू केली, आणि मला मागे बसायला सांगितलं. माझी पिशवी आणि संत्र्यांची गोणी मांडीवर. बागेतली वाट, दोन्हीकडून फांद्या, मधे पाटाचं पाणी. ती कुठं डोकं वाकवायची, कुठं गाडी थोडी कलती करायची, पाटात चाक घालायच्या आधी किंचित थांबून मग एकदम सोडायची, आणि मला धक्का म्हणून बसत नव्हता. मी तिच्या कमरेला धरलं होतं. तिची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती.

कधी शिकलीस, मी ओरडून विचारलं.

"यायले मलेरिया झाला होता," ती मान थोडी वळवून नवऱ्याबद्दल म्हणाली. "वरच्या मळ्यातला पंप कोण चालू करन? मंग शिकली एका संध्याकाळी."

तिच्या सासूनं पहिल्यांदा कपाळाला हात लावला होता म्हणे. आता तीच मागे बसून मळ्यात जायची. रस्त्यात एक म्हातारा बैल घेऊन चालला होता. त्यानं बाजूला होत तिला रामराम केला. तिनं मान हलवली. फाट्यावर तिनं मला उतरवलं, संत्र्यांची गोणी कंडक्टरच्या हाती दिली, आणि एस.टी. हलायच्या आत वळून गेलीसुद्धा. धुळीचा पट्टा बागेपर्यंत गेलेला मी खिडकीतून पाहत होते.

काटोलपर्यंत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, नागपूरच्या का?

घरी यजमानांनी चौकशी केली. बरी आहे, मी म्हटलं, पोरगी गुटगुटीत आहे. मग सांगितलं की ती मोटरसायकल चालवते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सासूबाईंना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. पाटाचं पाणीसुद्धा सांगितलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्या पदकाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मी ताटं घेतली. जेवताना म्हटलं, शेजारच्यांची मोपेड विकायची आहे म्हणतात, आपण घेऊ. मला धंतोलीला जायला बरी पडेल.

यजमानांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुले जमन?"

पुढच्या महिन्यापासून मुलींचा वर्ग सुटला की मी मैदानाचं फाटक आतून लावून घ्यायची आणि मोपेड शिकायची. पहिल्या आठवड्यात दोनदा पडले, एकदा थेट व्हरांड्याच्या पायरीवर. आधी सरळ जाणं पक्कं केलं, मग डावं वळण, मग उजवं, एकेक सुटं सुटं. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून घ्यायला मला दिवाळी उजाडली. मग एका सकाळी फाटक उघडलं, किल्ली पिशवीत टाकली आणि मेडिकलच्या त्याच उतारानं धंतोलीकडे निघाले, रस्त्याच्या अगदी कडेनं, दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून.